हलवल्यावर पुन्हा तपासली: होय

ता. ९ जानेवारी

चि. चिमणीस, काकाचे अ. उ. आ.

तू खुशाल आहेस हे वहिनींच्या पत्रावरून कळलं. तुझ्या आईला माझ्याकडे पत्र लिहायला वेळ मिळतो आणि तुला दोन ओळी खरडायला काय धाड भरलीये? फोन करतेस ते ठीक, पण तीस वर्षं अँब्युलन्सच्या भोंग्याखाली बसून माझा डावा कान कामातून गेलाय आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. तू बोलतेस आणि मी नुसतं हो हो करतो.

आता बातमी. प्रशिक्षण केंद्रात नवी तुकडी आलीये, चाळीस जण. केसपेपर कसा भरावा हे शिकवायला मी मुख्य कार्यालयातून जुन्या केसेसचा गठ्ठा मागवला. काय ती अक्षरं! कोंबडीने पाय ओढल्यासारखी, अर्ध्या चौकटी रिकाम्या. आणि मधेच एक कागद असा निघाला की डोळे निवले. सगळ्या वेळा लिहिलेल्या, एक चौकट मोकळी नाही, एक खाडाखोड नाही. खाली सही बघतो तर आमचीच चिमणी! नोव्हेंबरातली ती तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याची केस. माणूस वाचला नाही हे वाचून वाईट वाटलं, पण कागद नमुन्याचा आहे. पुढच्या महिन्यात तो मी वर्गात लावणार, आणि माझी विद्यार्थिनी आणि माझी पुतणी, दोन्ही सांगणार. तू लाजून मेलीस तरी सांगणार.

पत्राचं उत्तर पत्रानेच दे. माया आहेच, ती वाढवायची असेल तर अक्षर असंच ठेव.

तुझा काका

ता. १७ जानेवारी

ती. काकांस, चिमणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे ठीक आहे. गाडी बदलून मिळाली, पण मागचं दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही. आमचा ड्रायव्हर पहिलवान तुम्हाला नमस्कार सांगतो. नाव पहिलवान, वजन ओल्या टॉवेलाएवढं, हे तुम्हाला माहीतच आहे.

एक विनंती आहे. तो कागद वर्गात लावू नका. दुसरा कुणाचाही लावा. माझाच हवा असेल तर माझा दुसरा घ्या, पण तो नको. कारण विचारू नका. मी लहानपणापासून तुमच्याकडे फार काही मागितलेलं नाही, एवढं ऐका.

तब्येतीला जपा. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची चिमणी

ता. २५ जानेवारी

चि. चिमणीस, अ. उ. आ.

पहिल्यांदा वाटलं, पोरीला विनय सुचतोय. आपल्या घराण्यात तो रोग कुणाला नव्हता! कागदाच्या चाळीस प्रती काढून तयार ठेवल्यात, असं लिहून तुला चिडवणारही होतो.

पण काल वहिनींचं पत्र आलं. त्या लिहितात की दुपारी त्यांनी जरा पाठ टेकली की तू पाय न वाजवता येतेस आणि त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावतेस. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. त्या झोपेचं सोंग घेऊन पडून राहतात, कारण डोळे उघडले तर तू काय सांगशील याची त्यांना भीती वाटते. त्यांना काहीतरी मोठा आजार आहे आणि तू तो लपवतेस, अशी त्यांची समजूत झालीये.

चिमणे, हे काय चाललंय? विचारू नका म्हणालीस, तरी विचारतो. मी तुझा मास्तर नंतर, काका आधी.

वाट बघतोय.

काका

ता. २ फेब्रुवारी

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

आईला काही झालेलं नाही. तिला आजच सांगितलं, रडली बिचारी. झालंय ते मला.

सकाळची वेळ होती. शिंपीकाका शिलाईच्या मशीनवरून खाली कोसळलेले. बायको दूध आणायला खाली गेली होती, तिने परत येऊन बघितलं आणि फोन केला. आम्ही पोचलो, शॉक दिला, आणि काका, हृदय चालू झालं! मानेला नाडी लागली. श्वास मात्र धड नव्हता, म्हणून मी श्वासनळीत नळी घातली. पहिल्याच प्रयत्नात. दोन्ही बाजूंनी ऐकलं, हवा जात होती. तेव्हा मनात काय आलं सांगू? म्हटलं, अशी नळी दुसऱ्या कुणी घालून दाखवावी.

शेजारी उचलायला जाड चादर शोधत होते, तेवढ्यात मी कागद भरला. तुम्ही शिकवलंत तशा पुढच्याही चौकटी भरून टाकल्या. 'रुग्णाला हलवल्यावर नळी पुन्हा तपासली: होय, ११:५२.' घड्याळात ११:४४ झाले होते आणि रुग्ण अजून जमिनीवरच होता.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नळीला जोडलेली हवेची पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकली आणि हिसका बसला. पहिलवान म्हणाला, ताई, छाती हलेनाशी झालीये. मी त्याला म्हटलं, तू गाडीचं बघ, नळीचं मी बघते. आठवी पास माणूस मला शिकवणार! गाडीत मी पुन्हा ऐकलंच नाही. बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता, तर म्हटलं बोटं गार पडली असतील. का ऐकलं नाही? कागदावर ते करून झालं होतं, म्हणून.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी बघितलं. नळी अन्ननळीत गेली होती. चौदा मिनिटं मी त्यांच्या पोटात हवा भरत होते. बाईंनी ती काढली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या की हलवाहलवीत सरकतात नळ्या. हृदय वाटेतच थांबलं होतं. ते काही पुन्हा चालू झालं नाही.

तेव्हापासून स्टेथोस्कोप लावला की आधी पोटातल्या हवेची, मी तेव्हा न ऐकलेली गुडगुड ऐकू येते आणि मग माणसाचा श्वास. आईचासुद्धा. कुठल्याही जिन्याच्या वळणावर पाय आपोआप थांबतात. पहिलवान गप्प असतो, तरी त्याचं ते वाक्य मागून येतंच. मी वळून बघते आणि तो बिचारा मान खाली घालतो.

मला हे साहेबांना लिहून द्यायचंय. नोकरी जाईल, परवानाही जाईल. काका, तुम्ही काय केलं असतं?

तुमची चिमणी

ता. १० फेब्रुवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. आधी तुझा राग आला, मग माझा. हाताशी वेळ आहे तोवर पुढच्या चौकटी भरून टाका, गाडीत अक्षर बिघडतं, हे माझेच बोल. मोकळ्या चौकटीवर कार्यालय दहा प्रश्न विचारायचं, म्हणून काढलेली युक्ती. वीस वर्षं हेच शिकवलं आणि वर फुशारकीही मारली.

तरी सांगतो, गप्प राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेला माणूस परत येत नाही, आणि तू गाडीवरून उतरलीस तर उद्या तुझ्या हातून वाचणारेही जातील. फाइलीला कार्यालयाने शेरा जोडलाय: 'उपचार योग्य. फोन उशिरा आला.' घरच्यांनाही तसं कळवलंय. त्यांची तक्रार नाही, कुणावरच ठपका नाही. प्रकरण मिटलंय. वर्गासाठी काढलेल्या प्रती मी फाडून टाकल्या.

आणि खरं सांगतो, मला माझ्याही नावाची भीती वाटते. या वयात तेवढंच उरलंय. काकाला भित्रा म्हण, पण दूर लोटू नकोस.

काका

ता. २१ फेब्रुवारी

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. सोमवारी साहेबांना सगळं लिहून दिलं. चौकशी लागलीये आणि मला गाडीवरून उतरवलंय. पुढच्या चौकटी आधी भरायची पद्धत मला शिकवली गेली, असं लिहिलंय. तुमचं नाव लिहिलेलं नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तुम्हाला भित्रा म्हणणार नाही, कारण तीन महिने मीही तेच केलं.

खरं तर तुमच्याच पत्राने मला उठवलं. 'कुणावरच ठपका नाही' या ओळीपाशी मी अडले. फोन उशिरा आला म्हणता, पण फोन केला कुणी? त्यांच्या बायकोने ना? मग ठपका कुणाच्या पदरात पडला?

रविवारी त्यांच्याकडे गेले. दार त्यांनीच उघडलं, लगेच ओळखलं आणि हाताला धरून आत नेलं. पोरी, तू किती धडपडलीस, म्हणाल्या. मग आपणहून सांगायला लागल्या. दूध घेऊन येताना जिन्यात शेजारीण भेटली आणि त्या तिच्याशी दहा मिनिटं बोलत उभ्या राहिल्या. नंतर कार्यालयाचं पत्र आलं, फोन उशिरा आला म्हणून. मुलाने ते वाचलं आणि तेव्हापासून तो त्यांच्याशी धड बोलत नाही. शेजारणीशी त्यांनी स्वतःच बोलणं टाकलंय. माझ्या तोंडाने माझ्या माणसाचा घात केला, असं म्हणाल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या.

मग मी सांगितलं. जिन्याचं वळण, पिशवी, पहिलवान काय म्हणाला ते, मी त्याला काय म्हटलं ते, खोटी वेळ, सगळं. आणि हेही सांगितलं की आम्ही शिंपीकाकांना घेऊन त्या घरातून निघालो तेव्हा त्यांची नाडी माझ्या बोटांखाली चालू होती. तुमचा फोन वेळेत पोचला होता, असं त्यांना म्हटलं. ते जगले असते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, आणि आता ते कधी कळणारही नाही, ते माझ्यामुळे.

वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग उठल्या आणि म्हणाल्या की आता जा, आणि पुन्हा या दारात येऊ नकोस. मी दाराशी चपला घालत होते, तेवढ्यात त्यांनी मुलाला फोन लावला. हॅलोसुद्धा म्हणाल्या नाहीत. अरे, मला उशीर झाला नव्हता, एवढंच म्हणाल्या. मग तेच पुन्हा. मी तिन्ही जिने उतरून खाली पोचले तरी वरून तेच ऐकू येत होतं.

माया ठेवाल तर ठेवा. मला ती हवी आहे.

तुमची चिमणी