सुपारी रविवारी

१३ एप्रिल २०१६, उदगीर

सर म्हणाले, "टोळी शोधा!" मेथीची जुडी शोधा म्हणावे तसे. एम.ए.चे शेवटचे सत्र, समाजशास्त्र, प्रकल्पाचा विषय 'संघटित गुन्हेगारीची रचना'. नांदेडच्या खोलीत पाणी नाही म्हणून मी गावी आले. गावी तरी कुठे आहे? लातूरला काल रेल्वेने पाणी आले. स्टेशन उदगीरलाही आहे, पण आमच्याकडे रेल्वेने पाहुणे येतात आणि आहे ते पाणी पिऊन जातात!

१५ एप्रिल

टोळी सापडली. टँकरवाला वीरण्णा! चौकात त्याचा फलक — 'होऊ घातलेल्या उदगीर जिल्ह्यास हार्दिक शुभेच्छा'. जिल्ह्यापेक्षा फोटो मोठा. जिल्हा होईल तेव्हा होईल, जिल्हा पातळीची गुन्हेगारी आधीच तयार आहे.

रचना अगदी पुस्तकातली. वर वीरण्णा, तो पाण्याला हातही लावत नाही. मध्ये त्याचा मेव्हणा, टँकर कुठे जाणार ते ठरवणारा. खाली ड्रायव्हर. आणि सगळ्यांचे मौन — पाणी कुठल्या विहिरीचे विचारले की एकजात खोकला येतो.

पहिला सिद्धांत: समाज माणसाला ध्येय दाखवतो, सरळ वाट देत नाही, मग तो आडवाट धरतो. ड्रायव्हर निजामभाईंना वाचून दाखवला. म्हणाले, "आडवाटच हाय की बेटा. सरळ रोडला पोलीस ऱ्हातेत."

१८ एप्रिल

वीरण्णाच्या लॉजला निघालेला टँकर निजामभाईंनी आमच्या गल्लीत रिकामा केला! "व्हॉल्व्ह खराब झाला," म्हणाले. चेहरा असा की देवही फसावा. अव्वाने घागरी, पातेली, परात, शेवटी वाट्यासुद्धा भरल्या. दुसरा सिद्धांत सांगतो, गुन्हा संगतीने शिकला जातो. माझी आई कुणाच्याही संगतीशिवाय शिकली.

२० एप्रिल

दुपारी अप्पांचा डबा घेऊन आडतीवर गेले. पोत्यांच्या मागे शिवप्पाकाका आणि वीरण्णाचा मेव्हणा अप्पांशी कुजबुजत होते. "रविवारी सुपारी फोडायची. पाचच माणसं. आधी बोलू नका, बिचकंल." अप्पांनी मान डोलावली. माझ्या अप्पांनी! जो माणूस मुंगळ्याला वाट देऊन चालतो!

म्हणजे निजामभाई गेले. एका व्हॉल्व्हपायी! तिसरा सिद्धांत म्हणतो, समाज ज्याच्यावर शिक्का मारतो तो गुन्हेगार. कपाळभर विभूती लावणाऱ्या अप्पांवर शिक्का मारायला जागाच कुठे आहे?

२१ एप्रिल

निजामभाईंना सांगितले. वाटले, हसण्यावारी नेतील. "या अल्ला, लॉजच्या पाण्यापायी?" एवढेच म्हणाले, चावी टँकरच्या टपावर ठेवली आणि मुखेडच्या एस.टी.त बसले. बहीण असते तिकडे. मला फार बरे वाटले. प्रकल्पातून कुणाचा जीव वाचवणारी विद्यापीठात मी पहिलीच असेन.

२२ एप्रिल

ड्रायव्हर नाही म्हणून टँकर नाही. गल्ली निजामभाईंना शिव्या घालत राहिली. मी गप्प. टोळीचे मौन मलाही जमू लागले!

२३ एप्रिल

नांदेडहून पंचशीलाचा फोन. एका खोलीत राहतो, तिच्यापासून काय लपवणार? सगळे सांगितले.

"नेमकं काय म्हणले? सुपारी देयची का फोडायची?"

"फोडायची."

खो-खो हसली. मग एकदम थांबली. "येडे, खुनाची सुपारी देतेत. फोडतेत ती सोयरिकीची. तुमच्या घरात लग्नाचं कोण हाय?"

मी. दुसरे कोण!

अव्वाला विचारले. ती पीठ मळत राहिली. "वीरण्णाचा पुतण्या. गल्लीला रोज टँकर देतो म्हणला. परीक्षेचं लग्नानंतर बघू म्हणलेत." म्हणलेत! वर वीरण्णा, मध्ये काका, खाली अप्पा, आणि सगळ्यांची तोंडे शिवलेली. मी टोळी चौकात शोधत होते, ती आमच्या देवघरापर्यंत येऊन बसली होती. खूप रडले. रागाने कमी, अप्पांमुळे जास्त. अव्वाला म्हटले, मला परीक्षा द्यायची आहे. तिने कणकेवर ताट झाकले.

निजामभाईंना फोन केला — या परत, मरणार मी आहे.

२४ एप्रिल

पाचही माणसे बैठकीत. ताटात सुपारी. काका अडकित्ता मागत होते. तेवढ्यात अव्वा आत आली — पुरुषांच्या बैठकीत जन्मात पहिल्यांदा. सुपारी उचलली, दाढेखाली धरली आणि कडकन फोडली. "फुटली," म्हणाली. "आता घरला जावा. पोरीची परीक्षा हाय."

तिची दाढ ठणकते आहे. टँकर आता येणार नाही. घरात उरले होते ते पाणी तिला गुळण्यांना दिले.