निळ्याचा रंग गेला त्याबद्दल

ती. ताईंना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. नव्या पट्ट्याने तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि भावोजी खोकल्याचं औषध बेसिनमध्ये न ओतता पोटात घेत असतील, अशी आशा करते. आमच्याकडे माणसं ठीक आहेत. आमच्या कुत्र्याचं, निळ्याचं सांगायचं आहे. या महिनाअखेरीला निळ्याच्या आईची जोडी पुन्हा त्याच्या बापाशी, त्या निळ्या रंगाच्या डॉबरमनशी लावायचं तुम्ही ठरवलंय असं कळलं, म्हणून घाईने लिहिते आहे. (घाईने म्हटलं तरी लांबणारच. हिच्याकडे पाणी मागितलं तर ही विहीर खणण्यापासून सुरुवात करते, असं तुम्हीच म्हणता.)

निळ्याला आणायला आलो तो दिवस आठवतो ना? टोपलीत सगळी पिल्लं काळी आणि एकच ढगाच्या रंगाचं. तुमचे बंधू त्याच्यावरून नजर काढेनात. आईबापांची काही तपासणी केली आहे का, असं मी हळूच विचारलं, तर तुम्ही म्हणालात, अगं रंग बघ, तपासणी कसली विचारतेस! आणि तुमचे बंधू म्हणजे घर घेताना भिंतीची ओल न बघता भिंतीचा रंग बघणारे गृहस्थ. (ओल अजून आहे. पुढे कपाट सरकवलं आहे.) त्यामुळे माझं कोण ऐकणार? पिल्लू घरी आलं.

सुरुवातीला आमची ऐट काय विचारता! रस्त्यात लोक थांबून बघायचे, आणि बंधुराज ब्रेड आणायला मुद्दाम लांबच्या वाटेने जायचे. मग निळ्याच्या पाठीवरचे आणि छातीवरचे केस जायला लागले. एवढं तुम्हाला फोनवर सांगितलंच होतं, पण पुढचं राहिलं. आम्ही आधी साबण बदलला, मग खाणं बदललं, मग चादर बदलली आणि शेवटी डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साबणाला दोष देऊ नका, काही कुत्र्यांत हा निळा रंगच केसांच्या मुळावर उठतो आणि गेलेले केस बहुधा परत येत नाहीत. म्हणजे ज्या रंगापायी घेतला तो रंगच अंगावरून उतरला. आता निळ्याची पाठ आणि तुमच्या बंधूंचं डोकं, दोन्हीकडे पीक सारखंच. मी त्याला थंडीसाठी अंगरखा शिवायला घेतला, तर कापड आणायला बंधुराज स्वतः गेले, बाजार पालथा घातला आणि आणलं काय, तर बरोब्बर तसलंच निळसर राखाडी! मी मुकाट्याने शिवलं.

बाईंनी आनुवंशिक तपासणीही करायला सांगितली. प्रयोगशाळेकडून डबी आली, तिच्यात कापसाच्या काड्या. त्या कुत्र्याच्या गालात आतून फिरवायच्या, वाळवायच्या आणि परत पाठवायच्या, इतकं सोपं काम. पण निळ्या तोंड उघडेना. तेव्हा तुमचे बंधू त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि, हे बघ राजा, काही दुखत नाही, असं म्हणत त्यांनी एक काडी स्वतःच्याच गालात फिरवून दाखवली. निळ्याला पटलं, त्यानेही आ केला. काड्या टेबलावर शेजारी शेजारी वाळत पडल्या. (यातली कुणाची कुठली, असं मी विचारलं होतं. मला गप्प बसवण्यात आलं.) पुढे प्रयोगशाळेचं उत्तर आलं, की आपण पाठवलेल्यांपैकी एक नमुना कुत्र्याचा दिसत नाही. बंधुराज माझ्यावरच रुसून बसले, जशी काही ती प्रयोगशाळा माझ्या माहेरची!

दुसरी काडी मात्र निळ्याचीच निघाली, आणि तिथे आमचं हसू संपलं. हृदयाच्या आजाराचा दोष रक्तातून आलेला आहे, असं तिच्यात दिसलं. मग बाईंनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर दाखवलं. निळ्याचं हृदय मोठं झालंय आणि कमजोर पडलंय. गोळ्या सुरू केल्या आहेत. तो किती वर्षं काढेल ते बाईंनी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर आम्हालाही झाला नाही. यंत्र लावण्याआधी छातीवरचे केस काढावे लागतात म्हणे. याचे काढायला नकोतच, असं बाई सहज बोलून गेल्या. निळ्याचा पाय धरून उभे असलेले तुमचे बंधू त्यावर हसले आणि मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ताई, मला फार वाईट वाटलं.

म्हणून सांगते, रागावू नका. निळ्याच्या आईचं आणि त्या दुसऱ्या कुत्र्याचं हृदय तपासून झाल्याशिवाय ही जोडी लावू नका. बाकीची पिल्लं ज्यांच्या घरी गेली त्यांनाही कळवा. निळ्या पिल्लांसाठी लोक तुमच्या मागे लागले आहेत, हे मला ठाऊक आहे. पण अशक्त पिल्लाला कुशीत घेऊन बाटलीने दूध पाजताना मी तुम्हाला पाहिलंय, म्हणूनच हे लिहायची हिंमत झाली. अर्थात निर्णय तुमचा. थोरल्यांना शिकवणारी मी कोण?

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. त्या निळ्या डॉबरमनच्या मालकांना मी कालच फोन करून जोडी रद्द झाल्याचं सांगून टाकलं आहे. तुमच्याच वतीने. त्यांनी तुमची तब्येत विचारली आहे.

आणखी एक. सोबत काड्यांची डबी पाठवते आहे. काडी कुत्रीच्या गालात फिरवायची. घराण्याचा अनुभव आहे म्हणून स्पष्ट लिहिते.

आणि शेवटचं. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, की केस गेलेलं ते पोर परत पाठव, मी चांगल्या रंगाचं बदलून देते. तुमचा निरोप मी बंधूंना सांगितला. ते निळ्याच्या उघड्या पाठीला तेल चोळत बसले होते. त्यांनी हातावर आणखी थोडं तेल घेतलं. मग म्हणाले, "ताईला लिही, याचा रंग मला आवडतो."