छताला लागलेलं यीस्ट

वहिनी,

या वेळी ओट्यावर एक थेंबही सांडलेला नाही. हवं तर बोट फिरवून बघ! फक्त वर बघू नकोस.

दादाच्या पन्नाशीची बिअर करायची, म्हणून यीस्ट आधी माल्टच्या पाण्यात वाढवायला ठेवलं होतं. बरणी अधूनमधून हलवायची असते आणि झाकण सैल ठेवायचं असतं. पण काल तू दम दिलास, "भाऊजी, आता एक थेंब जरी सांडला, तर तुम्ही आणि तुमचं यीस्ट, दोघं गच्चीवर!" म्हणून मी झाकण घट्ट लावलं आणि सकाळी बरणी खुळखुळ्यासारखी हलवली. आतल्या गॅसला वाटच नव्हती. झाकण फिरवलं मात्र, फेस थेट छताला! आई खुर्चीतून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "नेम चांगला आहे हो तुझा."

पण काय जोर आहे गं त्या यीस्टमध्ये! अर्धी बरणी उरलीय, ती अजून बुडबुडतेय. बिअर फक्कड होणार! दादाला एवढ्यात सांगू नकोस. पेंटरकाकांकडे शिडी मागायला जातोय.

ता.क. शिडी मिळाली. छत पुसलं. फेसाबरोबर रंगही निघाला. आम्ही दोघं गच्चीवर आहोत.