फळी पडली म्हणू नका

आई,

वर्कशॉपमध्ये अनवाणी जाऊ नका. साच्यांचे तुकडे दारापर्यंत उडालेत.

सकाळी कपांची माती साच्यात ओतायला घेतली, तर ती दह्यासारखी घट्ट. मी यांना म्हटलं, "अहो, आता औषध घालू नका. पातळ करायचं औषध जास्त झालं की माती उलट घट्ट होते." यांनी आणखी दोन चमचे ओतले. मग माती ढवळेचना, तेव्हा "तुझ्या हातालाच गुण नाही" म्हणत हातोडी उचलली. अकरा साचे फोडले. बारावा माझ्यावर फेकला. मी वाकले, आणि माझ्या मागे ठकी उभी होती.

तिच्या कपाळाला तीन टाके पडलेत. दवाखान्यातून येऊन ती माझ्या मांडीवर झोपलीय, गाडी येईपर्यंत हे लिहितेय. झोपताना विचारत होती, "बाबांचा कप झाला का गं?"

बादली फेकू नका. औषध न घातलेली माती पाण्यात कालवून तिच्यात मिसळा, सुधारेल.

शेजारचे आवाजाचं विचारतील. फळी पडली म्हणून सांगू नका, आई. तुमच्या भुवईवरची खूणही मामंजींच्या खोलीतल्या फळीचीच, असं तुम्ही मला लग्नानंतर सांगितलं होतंत. ती खोली मी पाच वर्षं झाडतेय, तिथे एकही फळी नाही.

मी ठकीला घेऊन ताईकडे जातेय. पत्ता तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवलाय, यांना दाखवू नका. ताईला सांगितलंय, तीन गाद्या घाल.