स्टुलापायी

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

चपलांच्या दुकानातली नोकरी तू सोडलीस, हे मला तुझ्या वहिनीकडून कळावं? तेही पगार वाढला त्याच आठवड्यात! लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तू कपाळ धुवायला गेलीस. कारण काय, तर म्हणे बसायला स्टूल नाही. अगं, स्टुलापायी कुणी नोकरी सोडतं का? मालकांच्या हातापाया पडून मी तुला तिथे चिकटवलं होतं. आता पुढच्या रविवारी, १२ तारखेला, जाऊन माफी मागतो. सोमवारी निमूट कामावर जायचं.

आईला नमस्कार.

रागावलेला, तरी तुझाच,
दादा

७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकंच फिरलं. दिवसभर खुर्चीत बसून तू मला स्टुलाबद्दल शिकवतोस? दुकानात खुर्च्यांची रांग आहे, पण ती गिऱ्हाइकांसाठी. दुकान रिकामं असलं तरी आम्ही भिंतीला टेकायचंसुद्धा नाही.

पगारवाढ मी मागितलीच नव्हती. स्टूल मागितलं होतं. मालकांनी पैसे वाढवले आणि बजावलं, की आता स्टुलाचं नाव काढायचं नाही. घरी आले की आईशी दोन शब्द बोलायचं त्राण नसायचं. तिने पाणी पुढे केलं तरी मी खेकसायचे. आणि काम मला आवडायचं रे! नवे बूट घालून एखादं पोर दुकानभर धावायचं, तेव्हा मजा वाटायची. पुढेपुढे त्याचाही राग यायला लागला.

माफी मागितलीस तर माझ्याशी बोलू नकोस. लोभ आहे, पण सध्या बाजूला ठेवलाय.

धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

नाक मुठीत धरून गेलो होतो. ज्याच्या हातापाया पडलो, त्याने ओळखलंही नाही. गिऱ्हाईक समजून मला गुबगुबीत खुर्चीत बसवलं. मी तोंड उघडायच्या आत तुझ्या जागी आलेली बाई गुडघे टेकून माझ्या बुटाची नाडी सोडायला लागली. उठताना तिने खुर्चीचा आधार घेतला, तर मालक सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठलो आणि तिला माझ्या खुर्चीत बसायला सांगितलं. ती बसली नाही. मालकाकडे बघत तशीच उभी राहिली.

माफी राहिलीच. मालकाला जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सोमवारी जाऊ नकोस, कधीच जाऊ नकोस. त्या बाईला मी बसवू शकलो नाही, त्याचा राग अजून उतरत नाही.

बाजूला ठेवलेला लोभ आता काढ.

तुझा,
दादा