पूर्वेकडचे दार

आंबागडचे रान, ओढ्याकाठचा तंबू

चि. योगेंद्रास अनेक आशीर्वाद.

निवृत्त शिक्षकांचे शिबिर व्यवस्थित चालू आहे. गुडघा कुरकुरतो, परंतु काळजी नसावी.

सर्वांनी तंबूंची दारे ओढ्याकडे ठेवली. मी मात्र शास्त्राप्रमाणे पूर्वेकडे ठेवले. त्यामुळे माझ्यासमोर केवळ साग उभे असतात आणि मंडळींचे हसणे पाठीमागून ऐकू येते. काल शेजारच्या तंबूतील गोपाळरावांनी विचारले, "गुरुजी, आमच्याकडं पाठ करून काहून बसून राहिले जी?"

आज त्यांच्याच मदतीने तंबू फिरवला.

तुझ्या लाखनीच्या घराचे दार दक्षिणेकडे आहे, म्हणून दोन वर्षे मी उंबरठा ओलांडला नाही. सूनबाई अजून रागावल्या आहेत काय? शिबिर पुढील शनिवारी संपेल. त्याच दाराने आत यावे म्हणतो. येऊ ना?

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा पिता दादाजी