गेम चालतो, संगीत नाही

४ मार्च

लागत नाही म्हणजे नाही! तोफा धडाधड उडतात, किल्ल्याचं दार करकरतं, घोड्याच्या टापासुद्धा ऐकू येतात. संगीत मात्र शून्य. सेटिंगमध्ये संगीताची पट्टी शेवटपर्यंत ओढली. ढिम्म.

दादाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही आणि मागितलं तर हे! डावा कान कधीच गेला. आता उजव्यात गाठ. ती काढली की तोही जाणार – डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले. ऑपरेशन एकवीस तारखेला. मी विचारलं, "त्याआधी काय ऐकायचंय सांग." मला वाटलं, एखादं गाणं सांगेल. तर म्हणाला, "लहानपणी तो किल्ल्याचा गेम खेळायचो ना, तेव्हा वाजायचं ते." मी त्याच्या मांडीवर बसून बघायचे म्हणे. मला काही म्हणजे काही आठवत नाही.

६ मार्च

दातांच्या लॅबमध्ये आज कवळीत डावीकडची दाढ उजवीकडे बसवली. मॅडमनी झापलं. बरोबरच आहे, डोकं ठिकाणावर असेल तर ना.

८ मार्च

कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. "ताई, हा गेम माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. नवा घ्या की, काय भारी ग्राफिक्स असतात!" ग्राफिक्स घालू का चुलीत? शेवटी त्याने एक प्रोग्राम टाकून दिला. म्हणजे लॅपटॉपने जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायचं आणि गेमने फसायचं. गेम फसला. पण आवाजाचे जेवढे पर्याय होते तेवढे लावून बघितले, एकातूनही संगीत नाही. एकातून तर मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा खडखडाट! दादा शेजारी बसून उगाच मान डोलवत होता. मला बरं वाटावं म्हणून.

११ मार्च

जुन्या गेमवाल्यांच्या एका साइटवर विचारलं होतं. कुणा भल्या माणसाचं उत्तर आलं. या गेमचं संगीत फाइलींमध्ये नसतंच! सीडीवर पुढे वेगळी गाणी असतात, गेम ती थेट सीडीवरून वाजवतो. फाइली कॉपी केल्या की गाणी मागेच राहतात. आणि माझ्याकडे काय? दादाच्या पेन ड्राइव्हवरच्या फाइली. आठवडाभर मी जे नव्हतंच ते शोधत होते.

मूळ सीडी कुठून आणू? आमच्या घरात जुनं काही उरलेलंच नाही. ती बाई घर सोडून गेली तेव्हा मी सहा वर्षांची. बाबांनी तिची एकूण एक वस्तू फेकून दिली, सोबत आमचंही बरंच गेलं. बाबा गेले तेव्हासुद्धा ती फिरकली नाही. त्या दिवशी दादाला सांगून टाकलं होतं, तिचं नाव या घरात निघता कामा नये. त्यानेही कधी काढलं नाही.

१३ मार्च

लॅबमधून आले तर दार आतून बंद. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. दादा आतच होता, पेपर वाचत. शेवटी खिडकीशी जाऊन हात हलवले तेव्हा उठला. "कधी आलीस?" आत्ताच, म्हटलं.

एकवीस तारखेपर्यंत तरी टिकेल का कान?

१४ मार्च

सीडी बोक्याची होती म्हणे! बोक्या म्हणजे आमच्या पलीकडच्या गॅलरीतला, दादाचा दोस्त. आता चष्म्याचं दुकान आहे त्याचं. फोन केला तर म्हणाला, "असेल गं. आमची आई काही टाकत नाही." सगळ्यांच्या आया अशा असत्या तर!

१६ मार्च

सीडी मिळाली. चरे एवढे की बघवत नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. तो कण्हत कुथत फिरला, दोनदा अडकला, तिसऱ्यांदा अख्ख्या सीडीची नक्कल झाली, गाण्यांसकट. गेम लावला आणि – वाजलं!! ढोल, तुताऱ्या, सगळं! मी खोलीभर नाचले.

दादाच्या कानाला हेडफोन लावला. थोडा वेळ ऐकलं त्याने. मग म्हणाला, "छान आहे गं," आणि चहा टाकायला उठला.

मी ओळखत नाही का त्याचा चेहरा? "हे नाही का?" "हेच असेल. मीच विसरलो असेन."

१७ मार्च

खूप रडले. मरू दे.

१८ मार्च

बोक्या आला होता दादाला भेटायला. निघताना जिन्यात त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, ते गेमचं नव्हतंच!"

म्हणे सीडी एक आणि घरं दोन. गेम सीडी मागायचा फक्त सुरू होताना. सुरू झाला की दादा ती काढून गॅलरीतून बोक्याला द्यायचा. पण ट्रे रिकामा ठेवला की गेम अडकायचा. म्हणून त्यात दुसरी कुठलीही सीडी घालायची. संगीताची वेळ झाली की गेम ट्रेमध्ये जे असेल ते वाजवायचा, मग ते कुणाचं का असेना!

"तुमच्याकडे तुझ्या आईची होती. तिच्या व्हायोलिनच्या क्लासने काढून दिलेली, तिच्याच वाजवण्याची. ती घर सोडून गेल्यावर तुझ्या बाबांनी सगळं फेकलं, पण ही सीडी ट्रेमध्ये होती. राहिली. तुझा दादा वर्षभर दुसरा कुठला गेम खेळलाच नाही."

मग कॉम्प्युटर बंद पडला. भंगारवाल्याला दिला. सीडीसकट.

१९ मार्च

"तुला माहीत होतं?"

मोठ्याने, दोनदा विचारावं लागलं. दादा म्हणाला, "हो."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुझ्यासमोर तिचं नाव काढायची सोय आहे का? वाटलं, गेम लागला तर निदान ती खोली आठवेल. तेवढ्यावर भागवीन."

मी त्याच्यावर ओरडले. इतकी ओरडले की त्याला नीट ऐकू गेलं.

२० मार्च, हॉस्पिटल

तिचा नंबर दादाच्या पाकिटात होता. लावला मीच. "कोण?" म्हणाली. मी नाव सांगितलं, मग त्या सीडीतलं वाजवून दाखवशील का विचारलं. व्हायोलिन कधीच विकलं म्हणे. चालसुद्धा आठवत नाही तिला.

दादाला लिहून दाखवलं – चाल विसरलीय. तो म्हणाला, "मग नुसतं बोल म्हणावं. काहीही."

त्याच्या उजव्या कानाशी फोन धरून मी उभी राहिले. ती काय बोलत होती ते मला कळलं नाही. दादाने डोळे मिटले होते. हात भरून आला तरी मी फोन हलू दिला नाही.